माळ्यावरचा गणपती

“काय रंगला होता हो ताई तो उत्तररंग! आज सकाळी दाढी करताना पुन्हा लावला. ती पोर बाळकृष्ण पदरात घेऊन उंबऱ्याबाहेर पडते ना, तिथे माझा वस्तरा थांबलाच.”

पेटीच्या भात्याशी खटपट करता करता बंडोपंत सहज बोलून गेले. गोदाताईंच्या हातातल्या चिपळ्या खाली पडल्या.

“कुठे लावलात?” ताईंनी विचारलं.

“कुठे म्हणजे? फोनवर. ‘नादघर’मध्ये. रामनवमीचं तुमचं.”

“ते मी काढलंय बंडोपंत. कधीचं काढलंय.”

“काढलं असतं तर मी काय स्वप्नात ऐकलं? दाढी तर खरी झालीय, बघा.” त्यांनी गाल पुढे केला. मग ताईंचा चेहरा बघून तो हळूच मागे घेतला.

भिंतींना गाद्या ठोकलेल्या त्या खोलीत आम्ही तिघंच होतो. सांगलीत एका पुस्तक बांधणाऱ्याच्या दुकानावर दोन खोल्यांत ‘नादघर’चं ऑफिस होतं. कीर्तनकारांची कीर्तनं ध्वनिमुद्रित करायची आणि अॅपवर घालायची, एवढाच आमचा धंदा. मी तिथली प्रोग्रॅमर. लहानपणी देवळाच्या ओट्यावर बसून कीर्तन ऐकता ऐकता आईच्या मांडीवर झोपून जायचे आणि आरतीच्या घंटेनं जागी व्हायचे. मोठेपणी तेच ऐकायचा पगार मिळेल असं कुणी सांगितलं असतं तर हसले असते. सगळ्या कीर्तनकारांत मला गोदाताई आंबर्डेकर जवळच्या. त्या उभ्या राहून नुसतं ‘रामकृष्णहरी’ म्हणाल्या तरी माझा दिवस सुधारायचा.

ताईंनी स्वतःचा फोन काढून माझ्या हातात दिला. “सुलू, बघ गं. माझ्यात तर दिसत नाही.”

त्यांच्या फोनवर रामनवमीचं कीर्तन नव्हतं. मी माझ्या फोनवर बघितलं. पहिल्याच ओळीत ताईंचा फोटो, गळ्यात हार, खाली ‘सर्वाधिक ऐकलेले’. बोट लावलं तर ताईंचाच आवाज खोलीत भरला. ताईंनी झडप घालून तो बंद केला.

“तिला फोन लावा,” त्या म्हणाल्या. “बंडोपंत, माझ्याच फोनवरून रेणूला लावा. आधी तिला लावा.”

रेणू कोण हे मला ताईंकडूनच ठाऊक होतं. कीर्तनाच्या पूर्वरंगात विषय मांडतात, मग कीर्तनकाराला हार घालतात आणि उत्तररंगात गोष्ट रंगते. त्या रामनवमीला ताईंनी पुराणातल्या गोष्टीला एका जिवंत पोरीची गोष्ट जोडली होती. नवरा मारायचा. एकदा त्यानं तान्ह्या लेकीवर हात उचलला आणि ही पहाटेच मुलीला कडेवर घेऊन, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण पदराला बांधून घराबाहेर पडली. ताईंनी नाव घेतलं नाही. पण रंगात येऊन त्या पुढे म्हणाल्या, आज ती अमुक गावी बालवाडीत शिकवते आणि तिथल्या मारुतीच्या देवळात काकड्याला पेटी वाजवते, देवानं तिचं असं केलं! लोक रडले. मीही रडले होते. ध्वनिमुद्रण चालू होतं.

दुसऱ्याच दिवशी ताईंच्या लक्षात आलं होतं. त्यांनी स्वतः बटण दाबून ते कीर्तन काढलं. अॅपनं त्यांना सांगितलंही, काढलं म्हणून.

“परवा त्या देवळात एक माणूस पेटीवाल्या बाईची चौकशी करून गेला,” ताई खाली बसत म्हणाल्या. “रेणूचा दीरच असणार. तिचा मला फोन, ‘ताई, यांना कळलं कसं? मी निघते इथून.’ आणि मी काय म्हणाले माहितेय? म्हणाले, अगं, ते कीर्तन तर मी केव्हाच पुसलंय. दुसराच कुणी असेल. बालवाडीची पोरं सोडून कुठे जातेस, राहा. मी राहा म्हणाले गं तिला! ती निघत होती, मी थांबवली!”

बंडोपंतांच्या कानाशी फोन वाजत राहिला. कुणी उचलत नव्हतं.

“लावत राहा,” मी म्हणाले आणि माझ्या टेबलाशी गेले.

अॅपमधलं पुसायचं बटण दाबलं की काय होतं ते आधी सांगते. फोन आमच्या सर्व्हरकडे मागणी पाठवतो की अमुक पुसून टाक. सर्व्हर पुसतो आणि उत्तर पाठवतो. आम्ही ज्या तयार चौकटीवर सगळं उभं केलं होतं, तिच्यात हे काम आयतंच होतं. पण तिचं उत्तर असायचं रिकामं. काम झालं, बोलायला काही नाही, असं. रिकामं उत्तर आलं की आमचं अॅप गप्प, आणि आमची कीर्तनकार मंडळी बटण दाबत बसायची. म्हणून आमचे मालक विद्याधर कुंभोजकर सर यांनी ती जागा स्वतः लिहायला घेतली होती. मागणी आली की नक्की काय करायचं आणि काय उत्तर द्यायचं, ते आपल्या मनासारखं तिथे लिहिता येतं. अॅपवर येणारं ते गोड वाक्य मला पाठ होतं, ‘श्रीहरी! आपले कीर्तन काढून टाकले आहे.’ त्याच्या मागे काय आहे हे बघायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

ती जागा मी उघडली. सर्वांत वर सरांनी लिहिलं होतं, ॥ श्रीहरी ॥. त्याखाली पुसण्याची ओळच नव्हती. कीर्तनाला एक खूण लावायची, म्हणजे ते ज्याचं आहे त्याला दिसणार नाही. बाकी जगाला दिसत राहील. आणि शेवटी उत्तर पाठवायचं, काढून टाकले आहे.

मी ते दोनदा वाचलं. माझे कान तापले. खोटं पुष्कळ जण बोलतात, मीही बोलते. पण खोटं लिहायला बसताना वर देवाचं नाव घालायचं?

सर बाजूच्या खोलीत होते. कोपऱ्यातल्या एका जुन्या कॉम्प्युटरला ताजा हार घालत होते. आमच्याकडच्या सगळ्या ध्वनिमुद्रणांची जादा प्रत त्या यंत्रात असायची. खंडेनवमीला सगळीकडे यंत्रांची पूजा होते, पण सरांच्या या यंत्राची रोज व्हायची. स्वस्तिक, हळदकुंकू, उदबत्ती, सगळं. कपाळावर उभं गंध लावलेले सर हळू आवाजात बोलायचे. नकार द्यायचा असला की आधी ‘हरी हरी’ म्हणायचे.

“सर, गोदाताईंचं रामनवमीचं कीर्तन अजून वाजतंय.”

“वाजणारच. आपल्याकडे सर्वांत जास्त ऐकलं जातं ते.”

“त्यांनी ते काढलं होतं.”

“त्यांना दिसतंय का?”

“नाही.”

“मग झालं की. त्यांच्यापुरतं काढलंय.”

“त्यांच्यापुरतं म्हणजे काय सर? मी तुमचं घर त्यांच्यापुरतं विकू का?”

“हरी हरी. आवाज खाली, सुलक्षणा. देवासमोर उभी आहेस.”

तेवढ्यात ताई दारात आल्या. त्यांच्या मागे फोन कानाला लावलेले बंडोपंत. सर लगबगीनं पाया पडायला वाकले आणि ताईंनी पाय मागे घेतले. कीर्तनकार पाय मागे घेतो हे मी आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

“का केलंत?” ताईंनी विचारलं.

“ताई, कीर्तन म्हणजे साक्षात हरीचं नाम. ते पुसणारा मी कोण? ते पाप माझ्या हातून व्हायचं नाही. आपण सगळे भावनेच्या भरात आज म्हणता काढा, उद्या म्हणता का काढलं. म्हणून मी म्हटलं, आपल्या मनाला शांती मिळावी आणि नामही राहावं.”

“मग मला तसं सांगायचं. ‘नाही पुसत’ म्हणायचं.”

“आपल्याला वाईट वाटलं असतं.”

“माझ्या वाटण्याची केवढी काळजी हो तुम्हाला!” ताईंचा आवाज इतका खाली आला की मला भीती वाटली. “एक बाई लेकरू घेऊन जीव वाचवून बसलीय. मी मूर्ख, रंगात येऊन तिचा पत्ता गाऊन दाखवला. चूक माझी, मी कुठे नाही म्हणतेय? तिला विचारलं होतं मी. ती म्हणाली होती, समोर बसतात त्यांना सांगा ताई. समोर बसतात त्यांना! तुमच्या त्या डब्यात कोण कोण बसलंय ते तिला काय ठाऊक, आणि मला तरी काय ठाऊक?”

“पण नाव कुठे घेतलंत आपण?”

“गाव सांगितलं. देऊळ सांगितलं. पेटी सांगितली. आता काय दारावरची कडी वाजवून द्यायची राहिली होती का?”

“उचलत नाहीये,” बंडोपंत मागून म्हणाले. “वाजतोय, पण उचलत नाहीये.”

“बालवाडी चालू असेल,” मी म्हणाले. कुणाला धीर देत होते कोण जाणे. “सर, मी ते आत्ता काढते. आणि ती जागाही बदलते.”

“नाही. माझ्या संमतीशिवाय नाही,” सर म्हणाले. गंधाखालचं कपाळ लाल झालं होतं. “वर्धापनदिनाला तेच पुढे ठेवायचं ठरलंय. अचानक नाहीसं झालं तर लोक मला विचारतील. आणि एका घरगुती भांडणापायी हरिनाम पुसायचं? ताई, आपण नारदाच्या गादीवर उभ्या राहता. आपल्याला हे मी सांगायचं?”

माझ्या हातात पाण्याचा पेला होता. तो मी फेकला नाही याचं मला अजून आश्चर्य वाटतं. पण ताई पुढे झाल्या.

“तुमच्या घरी गणपती बसतो का हो, कुंभोजकर?”

“बसतो तर. चार पिढ्यांचा.”

“विसर्जन करता?”

“म्हणजे काय!”

“मूर्तीची प्राणप्रतिष्ठा करता. तिला देव म्हणता. रोज दोन वेळा आरती करता. मग उत्तरपूजा करता, अक्षता टाकता, पाट जरासा हलवता आणि तोच देव आपल्या हातानं पाण्यात सोडता. साक्षात देवाला निरोप देता येतो आपल्याकडे. रडत रडत देतो, पण देतो. माझं कीर्तन काय त्याच्याहून मोठं लागून गेलं?”

सर उदबत्तीची राख झटकू लागले.

“का तुमच्याकडे वेगळं असतं? घाटावर जाऊन नुसते हात धुऊन येता, घरी सगळ्यांना ‘झालं विसर्जन’ सांगता आणि मूर्ती माळ्यावर लपवून ठेवता? आणि वर शेजाऱ्यांना बोलावता, या, दर्शन घ्या, फक्त आमच्या घरच्यांना सांगू नका?”

बंडोपंतांना हसू फुटलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं. सरांच्या तोंडून ‘हरी हरी’ निघालं, पण या वेळी त्याला पुढचं वाक्य सापडेना.

“पाप लागेल,” ते शेवटी म्हणाले.

“द्या. माझ्या माथी द्या. सुलू, बस गं तू.”

मी तिथल्याच टेबलाशी बसले. सर्व्हरची चावी माझ्याकडे होतीच. आजवर सरांना विचारल्याशिवाय ती वापरली नव्हती, एवढंच. सर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. “सुलक्षणा, हे केलंस तर उद्यापासून यायचं नाही.”

“बरं.”

“शांतपणे विचार कर.”

“शांतपणे केलेला विचार तुमच्या त्या ओळींत वाचला सर. मला रागानंच करू द्या.”

सरांनी लिहिलेलं सगळं मी खोडलं. फक्त ॥ श्रीहरी ॥ खोडायला हात धजेना, ते तसंच ठेवलं. म्हटलं, आता त्याला तिथे बसायला लाज वाटणार नाही. खाली लिहिलं, मागणी आली की ती ज्याचं कीर्तन आहे त्याचीच आहे ना बघ. असेल तर ध्वनिफीत पूस, नोंद पूस. दोन्ही गेलं याची खात्री कर. मगच म्हण, काढलं. आणि कुठे अडलं तर स्पष्ट म्हण, काढता आलेलं नाही. दोनच उत्तरं. गोड बोलणं कशातच नाही. मग ते मी चालू सर्व्हरवर चढवलं, ताईंच्या कीर्तनावरची लपवाछपवीची खूण उतरवली आणि त्यांना म्हणाले, “ताई, आता तुमच्या फोनवर बघा. दिसेल. तुम्हीच दाबा.”

बंडोपंतांनी फोन त्यांच्या हातात दिला. स्वतःचाच हसरा, हार घातलेला फोटो ताईंनी क्षणभर बघितला आणि बटण दाबलं. पडद्यावर ओळ आली, ‘हे कीर्तन कायमचे पुसले. ते आता कुणालाही ऐकता येणार नाही.’

“गेल्या वेळीही असंच काहीतरी म्हणाला होता हा,” ताई म्हणाल्या.

“बंडोपंत, तुमच्या फोनवर लावा.”

बंडोपंतांनी खिशातून आपला फोन काढला, चष्मा कपाळावर चढवला, बोट दाबलं, पुन्हा दाबलं. “असं काही इथे नाही म्हणतोय. गेलं ताई. उद्या दाढी कोरडीच.”

“एक प्रत राहिलीय,” मी म्हणाले आणि कोपऱ्याकडे पाहिलं.

सर त्या यंत्रासमोर जाऊन उभे राहिले. दोन्ही हात पसरून. “याला हात लावायचा नाही. पूजेतलं आहे हे.”

ताई त्यांच्यासमोर गेल्या. त्यांनी सरांना ढकललं नाही, काही बोलल्या नाहीत. नुसत्या हात जोडून उभ्या राहिल्या. सरांना वाटलं आपल्याला जोडले. त्यांनी खांदे सैल केले. मग त्यांच्या ध्यानात आलं की ताई त्यांच्या खांद्यावरून मागे बघताहेत, यंत्राकडे. देवाकडे बघणाऱ्या माणसाच्या मधे उभं राहायचं नाही, ही आपल्याकडची लहानपणापासूनची सवय. सर आपसूक बाजूला झाले. झाल्यावर त्यांना कळलं, पण तोवर ताईंनी हार उतरवून बंडोपंतांच्या हातात दिला होता. हळदकुंकवाच्या वाटीतल्या चार अक्षता त्यांनी यंत्रावर टाकल्या आणि तळहातानं ते बोटभर सरकवलं.

“झाली उत्तरपूजा,” त्या म्हणाल्या. “सुलू, आता हे नुसतं यंत्र आहे. काढ त्यातलं.”

मी काढलं. सर भिंतीकडे तोंड करून उभे होते. त्यांचा राग, माझा राग, ताईंचा राग, एवढ्याशा खोलीत मावत नव्हता.

तेवढ्यात ताईंच्या हातातला फोन वाजला.

“ताई? इतके फोन? पोरांना खिचडी वाढत होते, फोन पिशवीत होता.”

ताई होत्या तिथेच जमिनीवर बसल्या. “रेणू, ऐक. मी तुला राहा म्हणाले ते विसर. ते कीर्तन पुसलंच गेलं नव्हतं. मला खोटं सांगितलं होतं आणि मी ते तुला खरं म्हणून सांगितलं. ज्यांनी ऐकलं त्यांनी ऐकलं बाळ, ते मला परत घेता येत नाही. तू निघ. आजच निघ.”

पलीकडे लहान पोरांचा गलका ऐकू येत होता. मग रेणू म्हणाली, “आता पुसलंय? का पुन्हा नुसतं म्हणताहेत?”

ताईंनी माझ्याकडे पाहिलं.

“पुसलंय,” मी फोनजवळ जाऊन म्हणाले. “मी स्वतः पुसलंय.”

“बरं.” तिनं पोरांना गप्प केलं. “ताई, नव्या गावाचं नाव तुम्हालासुद्धा कळवणार नाही. रागावू नका.”

“नको कळवू. मला माझ्या तोंडाचा भरवसा नाही.”

फोन बंद झाल्यावर ताई पदर तोंडाला लावून रडल्या. हजार माणसांना रडवणारी ती बाई एका यंत्राच्या खोलीत, आम्हा तिघांसमोर.

दुसऱ्या दिवसापासून मी तिथे गेले नाही. सरांनी पुढे ते अॅप बंद केलं. का केलं ते मी विचारायला गेले नाही. माझी श्रद्धा कच्ची आहे, असं ते सगळीकडे सांगायचे असं कानावर आलं. त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. कीर्तनाला बसले की सगळ्यांना माफ करावंसं वाटतं, पण त्यांच्यापाशी आलं की मन अडतं.

ताई त्यानंतर कित्येक वर्षं कीर्तनाला उभ्या राहिल्या. जिवंत माणसाची गोष्ट त्यांनी पुन्हा कधी सांगितली नाही. एका रामनवमीला मी समोरच बसले होते. उत्तररंग त्याच वळणावर आला, माणसाच्या संकटात देव कसा धावतो तिथे. ताई थबकल्या. बंडोपंतांनी नुसता सूर धरून ठेवला. ताईंनी डोळे मिटले, उघडले आणि सरळ प्रल्हादाकडे वळल्या.

आरतीनंतर पाया पडायला रांग लागली. तिच्यात एक बाई होती, बरोबर कॉलेजात जाणारी मुलगी. बाईनं वाकून नमस्कार केला आणि तिच्याकडे बघता बघता ताईंच्या हातातल्या चिपळ्या हलकेच वाजल्या. एवढंच. ताईंनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. “सुखी राहा,” म्हणाल्या आणि पुढच्या माणसाकडे वळल्या. मीही प्रसाद घेतला आणि दुसरीकडे बघत राहिले.

आता हे वाचून कुणी शोधायला निघालंच, तर सांगून ठेवते. तिचं नाव रेणू नाही. ती बालवाडीत शिकवत नव्हती. देऊळ मारुतीचं नव्हतं आणि ती वाजवायची ती पेटीही नव्हती. बाळकृष्ण तेवढा खरा. तो घरोघरी असतो.